बाबांना दारू पाजली तो उन्हाळा

माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावला नाही. खोकल्याचं औषध आणलं तरी ते आधी बाटलीचा वास घेत आणि मग संशयानं अर्धाच चमचा पीत. अशा माणसाला मी, त्यांच्या पोटच्या मुलीनं, एकोणिसाव्या वर्षी सगळ्या वस्तीदेखत दारू पाजली. ती एका लेखातून पाजली. पुढे मी पुस्तकं लिहिली, सत्काराच्या शाली इतक्या जमल्या की भाचीला त्यांच्या गोधड्या शिवून दिल्या. तरी माझं पहिलं लेखन कोणतं असं कुणी विचारलं की मला तो लेख आठवतो आणि या वयातही कानशिलं तापतात. विचारणाऱ्याला मी दुसराच एक लेख सांगते. आज खरा सांगते.

आमचं घर गांधीबागेच्या कापडबाजारापासून पायी पंधरा मिनिटांवर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, आणि पलीकडच्या गल्लीत सकाळी सातपासून मागांचा खटखटाट. तो आवाज बंद झाला की आज सुट्टी आहे हे कळायचं. कॅलेंडर बघावं लागत नसे. बाबा गांधीबागेतल्या एका कापडाच्या ठोक दुकानात मालाच्या गाठी बांधायचे. गाठ बांधून झाली की तिच्यावर मार्का टाकायचं कामही त्यांचंच. मार्का म्हणजे तो माल कुठं जायचा त्या गावाचं नाव, काळ्या शाईत, कुंच्यानं. नरखेड, काटोल, वरूड, पांढुर्णा. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांचं अक्षर इतकं टपोरं आणि सरळ की सेठ म्हणायचा, सुखदेवच्या हातची गाठ कधी रस्ता चुकत नाही. बोटांच्या पेरांत शाई कायमची बसली होती. वरणभात कालवताना ती काळी बोटं पिवळ्या वरणात फिरायची, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच बाबांची बोटं अशी असतात.

कापडाच्या थानात आत पुठ्ठा असतो आणि वर कागद गुंडाळलेला असतो. थान सोडलं की तो कागद दुकानात वाया जातो. मी मॅट्रिक झाल्यापासून बाबा सेठला विचारून तो कागद घरी आणू लागले. ओट्यावर बसून ते तो सुरीनं सारखा कापत, वर-खाली पुठ्ठा लावत आणि गाठी शिवायच्या दाभणानं शिवून माझी वही करत. त्या वह्यांना नव्या कापडाच्या खळीचा वास येई. अजूनही कापडाच्या दुकानात शिरले की मला साडी घ्यायच्या आधी काहीतरी लिहावंसं वाटतं.

माय लिहिण्या-वाचण्यातली नव्हती. तिला अंगठ्याच्या जागी सही करायला बाबांनी शिकवलं होतं, 'सुभद्रा' एवढीच तीन अक्षरं, आणि तीही ती रांगोळी काढल्यासारखी ठिपके देऊन काढायची. पण कान असा की एकदा ऐकलेलं शब्दाला शब्द परत सांगे. मी एखादी ओळ घोकत बसले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "काल तं दुसरंच म्हनत होती वं. आज बदललं काहून?" आमच्या घरातली पहिली समीक्षक तीच, फक्त तिला तसं कुणी म्हटलं असतं तर तिनं लाटणं उगारलं असतं.

आणि मग रविवारची बैठक. वस्तीतल्या विहाराच्या अंगणात, कडुनिंबाखाली, रामटेके गुरुजी ती भरवायचे. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवणं त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नव्हतं. विणकर, नर्सबाई, एसटीचा कंडक्टर, कॉलेजातली आम्ही दोन-तीन पोरं-पोरी, ज्याला लिहावंसं वाटे त्यानं यायचं. गुरुजींचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. लेखावर नाव न घालता तो डब्यात टाकायचा. मग डबा फिरे, आणि ज्याच्या हाती जो कागद येई त्यानं तो मोठ्यानं वाचायचा. आपला लेख आपण वाचायचा नाही, आणि त्यावर बोलणं चालू असताना तोंड उघडायचं नाही. "लेख सोतःच्या पायानं चालते का पाहू. तू किती दिवस त्याच्या मागं धावशील?" असं गुरुजी म्हणत. आणखी एक कलम होतं, जे कुणी कधी वापरलं नव्हतं. ज्याच्यावर लिहिलं गेलं त्याला पुढच्या रविवारी उत्तर द्यायचा हक्क. उत्तरही लिहूनच, डब्यातूनच.

मी तेव्हा ऋतूंवर लिहायची. फाल्गुनातला पळस, चैत्रात कडुनिंबाच्या मोहोराचा तो कडवट-गोड वास, दुकानांच्या दारांवर पाणी मारलेले वाळ्याचे ताटे. लोक ऐकत, "छान आहे" म्हणत आणि डबा पुढे सरके. पण कुणाच्या उपाशी दिवसांचा, कुणाच्या मारझोडीचा कागद निघाला की सगळं अंगण गप्प होई. नर्सबाई डोळ्यांना पदर लावत. त्या शांततेचा मला हेवा वाटू लागला. आता हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. लोकांची दुःखं खरी होती, त्यांनी ती भोगली होती. माझ्या घरात मात्र बाप संध्याकाळी कागद घेऊन येतो आणि माय पाटवड्यांच्या भाजीत तिखट जास्त झालं म्हणून त्याला हसते. यातून साहित्य कसं व्हायचं? एकदा गुरुजी माझा पळस ऐकून म्हणाले होते, "सगळं सजलं आहे. पन लिहिनारा माणूस कुठं आहे यात? घरात डोकावून पाहा जरा." मी घरात डोकावले, आणि तिथं दुःख सापडेना म्हणून नेऊन ठेवलं.

निमित्त झालं कुरडयांचं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून पांढराशुभ्र चीक काढायचा. त्या आंबूस वासानं घर भरलं की उन्हाळा पक्का झाला. पहाटे माय गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, चीक शिजवायची आणि सोऱ्यातून कुरडया घालायला आत्या यायची. गरम चिकाची वाटी हा आमचा त्या दिवसाचा नाश्ता. बाबा त्यात दूध-साखर घालत, मी तेल-तिखट, आणि आमचं त्यावरून दर वर्षी भांडण. त्या वर्षी शिजलेल्या चिकाचा अख्खा गंज स्वयंपाकघरात कलंडला. जमीनभर पांढरं पसरलं. आत्या दारातच उभी. बाबा पुढे आले आणि म्हणाले, "माहा पाय लागला." मग गुडघ्यावर बसून त्यांनी वरवरचा स्वच्छ चीक वाटीत काढला आणि म्हणाले, "घ्या, यंदा कुरडया कमी, नाश्ता जास्त." आत्यानं ही गोष्ट संध्याकाळपर्यंत चार घरी सांगितली. सुखदेव कसा धांदरट म्हणून बाया हसल्या. गोष्ट संपली.

मी तिथून ती उचलली. माझ्या लेखातली आई चुलीपुढे रडत कुरडया घालते, तिची आसवं चिकात पडतात. बाप झोकांड्या खात येतो, शिव्या देतो आणि गंजाला लाथ मारतो. शेवटी मुलगी जमिनीवरचा चीक बोटानं गोळा करते. लिहिताना मला स्वतःलाच रडू आलं, म्हणजे लेख चांगला असणार अशी माझी खात्री झाली. कुणाला कळणार होतं? कागदावर नाव नव्हतं.

पण कागद थानातला होता. वस्तीत तसा कागद एकाच घरी यायचा, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात डबा फिरू लागेपर्यंत आली नाही. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. विहाराची गच्ची वस्तीत सगळ्यांत स्वच्छ आणि सपाट, म्हणून उन्हाळ्यात बाया तिथं वाळवण घालत. त्या रविवारी सकाळी माय आणि शेजारची कौसल्यामावशी कावळे हाकलत वर बसल्या होत्या. माझा कागद निघाला प्रल्हाद कंडक्टरच्या हाती. त्याचा आवाज भरलेल्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. गच्ची तर डोक्यावरच. त्यानं मन लावून वाचलं, बापाच्या शिव्या तर विशेष. वाचून झालं आणि जिची मी इतके दिवस वाट पाहत होते ती शांतता पडली. तेवढ्यात वरून कौसल्यामावशी म्हणाली, "अवं सुभद्रे, तुह्याच घरी सांडला होता ना चीक? सुखदेवभाऊचाच पाय लागला होता ना?" मायनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी वर बघितलंच नाही.

बाबा दर बुद्धपौर्णिमेला विहारात पंचशील द्यायचे. आधी ते एकेक शील म्हणत, मागून सगळी वस्ती म्हणे. आजोबांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी गळ्यातली माळ आणि घरातली बाटली दोन्ही सोडली होती, आणि बाबांना ती पाचही शीलं जिवापाड प्रिय होती. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं आणि पाचवं नशापाणी न करण्याचं. मी चौथं मोडून बाबांनी पाचवं मोडल्याची दवंडी पिटली होती. पौर्णिमा दोन आठवड्यांवर होती.

सोमवारी बाबा दुकानातून आले. तिथंही बातमी पोचली होती, एका गाठ बांधणाऱ्यानं डोळा मारून विचारलं होतं, "काय गा सुखदेव, आमाले न सांगता बसतोस होय?" बाबांनी हातपाय धुतले, पिशवीतून कागदाचा गठ्ठा काढून रोजच्यासारखा माझ्या कोनाड्यात ठेवला आणि मायला म्हणाले, "यंदा शील दुसऱ्या कोनाले देऊ दे. पाचवं माह्या तोंडून निघालं तं मागून पोट्टे हासतीन. विहारात हासू नये." मग जेवायला बसले. मी समोर बसून पाणी पीत राहिले.

मंगळवारी मी गुरुजींकडे गेले. म्हटलं, मी बैठकीत उभी राहून हे खोटं आहे असं सांगते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही हा नियम तुह्यासाठी मोडला तं उद्या सगळे आपापल्या लेखाचे वकील होतील. पन उत्तराचा हक्क आहे ना. तुह्या बाबाले सांग." मी धावत घरी आले आणि बाबांना विनवलं. ते हसले, आणि ते हसणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं. "काय लिहून देऊ बेबी? मी पेत नाही म्हनून? जो पेते तोच असं लिहून देते."

तेव्हा माय आतून हात पुसत आली. दोन दिवस ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलली होती. "त्या लेखात मीही होती ना? रडून राहिली होती म्हने मी. मग मलेही हक आहे. घे कागद. लिहून घे." मी पेन शोधू लागले तर म्हणाली, "अन् पाह्य, मधात आपल्या मनचं घालशीन तं हातावर देईन." ती चूल सारवत सारवत बोलत गेली, मी लिहीत गेले. अर्ध्यात आले तेव्हा माझा हात थांबला. "लिव," ती म्हणाली. "मी सांगून राहिली ते लिव."

पुढच्या रविवारी डब्यातून तो कागद निघाला. गुरुजींनी एक नजर टाकली आणि तो सरळ माझ्याकडे दिला. "हा लेख सुभद्राबाईचा आहे. तू फक्त लिहून घेतला. तुला वाचता येतो." गच्चीवर वाळवण नसतानाही बाया जमल्या होत्या. मी उभी राहिले. तो कागद माझ्याजवळ अजून आहे, म्हणून तो जसाच्या तसा इथं उतरवते.

"मी सुभद्रा. माही पोरगी लिहून राहिली. मागच्या रविवारी तुमी कुरडयाचा लेख आयकला. त्यातली बाई रडत होती. मी कुरडया घालतानी रडत नाही. चिकात मीठ मापानं लागते. आसवं टाकली तं कुरडई फुलत नाही. आता गंज कोनं पाडला ते सांगते. पोरीनं पाडला. तिच्या हातात कागद होता, डोये कागदात होते अन् पाय गंजात. तिची आत्या दारात उभी होती. आत्याचं पयलेपासून म्हननं, पोरगी लिहून-वाचून बिघडली, तिचं लगन करून टाका. ते बोलनं सुरू होऊ नये म्हनून तिचा बाप मोरीतून आला अन् म्हने माहा पाय लागला. त्याचे पाय ओले होते. ओल्या पायाचे ठसे मोरीपासून आले अन् गंजाच्या चार हात दूर थांबले. मी पायलं. बोलली नाही. घरात एकानं दुसऱ्याचा दोष अंगावर घेतला तं तिसऱ्यानं चूप राहावं. आता पोरगीच बोलली म्हनून मले बोला लागते. लेखातला बाप दारू पेते. माह्या घरातला बाप कागद आनते. ज्या कागदावर पोरीनं त्याले दारू पाजली तो कागद त्यानंच आनला होता. नंतर सोमवारीही आनला, मंगळवारीही आनला. माहं म्हननं एवढंच. पोरीले कोनी काही बोलू नका. तिले मी पायते."

मी शेवटची दोन वाक्यं कशी वाचली मला ठाऊक नाही. या वेळी पडलेली शांतता वेगळी होती. तिचा मला हेवा करता येणार नव्हता. ती मोडली कौसल्यामावशीनंच. "मी तं तवाच म्हनत होती, सुखदेवभाऊ असा नोय," ती म्हणाली, आणि सगळं अंगण खो खो हसलं, कारण आठवडाभर ती काय म्हणत फिरत होती हे सगळ्यांना माहीत होतं. हसणं थांबायच्या आत ती उठली आणि तडक आमच्या घरी गेली. बाबा ओट्यावर दाढी करत होते. "पौर्णिमेले शील तुमीच देजा भाऊ," तिनं सांगितलं. अर्ध्या गालाला साबण लावलेले बाबा म्हणाले, "पाहू." पण त्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा धुवायला काढला.

पौर्णिमेच्या सकाळी अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरलं होतं. बाबांनी एकेक शील म्हटलं, मागून आम्ही म्हटलं. चौथं आलं. त्यांनी म्हटलं, लोकांनी म्हटलं, पण बाबा पुढे जाईनात. मान वर करून बायांच्या रांगेकडे बघत राहिले. मला कळलं. माझा आवाज त्यात नव्हता. मायनं कोपरानं ढोसलं. मी एकटीनं चौथं शील म्हटलं, भर सभेत, फाटक्या आवाजात. मग बाबांनी पाचवं असं खणखणीत म्हटलं की कडुनिंबावरचे कावळे उडाले. कुणी हसलं नाही.

मी आता शहराच्या टोकाला, बेसाला राहते, चौथ्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं आणि वाळवण घालायला मनाई आहे. दर रविवारी खालच्या हॉलमध्ये मी लिहिणाऱ्यांना जमवते. गुरुजींचा डबा माझ्याकडे आला आहे. झाकण सैल झालंय, पण चालतो. मुलं मोबाईलवर लिहितात, मी हट्टानं कागदावर उतरवून आणायला लावते. मागच्या महिन्यात एका मुलीचा आईवरचा लेख निघाला, फार दुःखाचा. बैठक संपल्यावर तिला थांबवून मी विचारलं, "आईले ऐकवलं का गं हे?" ती गोंधळली. चिकाचा गंज आणि ओले ठसे तिला सांगत बसले तर तिची शेवटची बस गेली असती. मी तिला एवढंच सांगितलं की खरं असेल तर ऐकवायला भिऊ नको, आणि नसेल तर ऐकवताना कळेल.

हे मी त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शिकले. बाबा संध्याकाळी दुकानातून आले ते कागद न देता ओट्यावर बसले. कागद कापला, पुठ्ठा लावला, दाभणानं शिवलं. मग पिशवीतून शाईची बाटली आणि कुंचा काढला. माझ्या वहीवर त्यांनी तोवर कधी काही लिहिलं नव्हतं. गाठीवर टाकतात तशा टपोऱ्या काळ्या अक्षरांत त्यांनी पुठ्ठ्यावर मार्का टाकला, फुंकर मारून वाळवला आणि वही माझ्या हातात दिली. वर लिहिलं होतं : 'आधी मायले.'

त्यानंतर लिहिलेलं प्रत्येक पान मी छापायला देण्याआधी मायला वाचून दाखवलं. कथा, लेख, भाषणं, एकदा तर सरकारी अर्जसुद्धा. ती तांदूळ निवडत ऐकायची आणि जिथं मी खोटं घातलं असेल तिथं तिचा हात सुपात थांबायचा. बाबा गेले, नंतर काही वर्षांनी मायही गेली. हे प्रकरण काल दुपारी लिहून झालं. कागद सारखे केले, चष्मा घेतला आणि सवयीनं उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मग तिथंच उभी राहून मी सगळं मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून.